छाया मंत्रिमंडळ कोणी निवडायचे?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘पक्षांतर्गत लोकशाही’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले तेव्हा मी त्यांच्याकडे एक सवलत मागितली. या विषयावर आपण सगळेच इतकी वर्षे बोलत आलो आहोत की, त्या शब्दाची धार आता बोथट झाली आहे. तेव्हा तत्त्वचर्चा बाजूला ठेवून एका पक्षाच्या एका पद्धतीचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. पक्ष ब्रिटनचा मजूर पक्ष. विरोधात असताना संसदेतील पुढच्या बाकांवर कोणी बसायचे, हे त्या पक्षाचे खासदार गुप्त मतदानाने ठरवीत असत, ती ही पद्धत. ती जवळजवळ नव्वद वर्षे टिकली आणि २०११ साली मोडीत निघाली. ती कोणी बळाने मोडली नाही. खासदारांनीच प्रचंड बहुमताने आपला हक्क सोडून दिला. पाच वर्षांनी तोच हक्क त्यांना परत हवासा वाटला आणि तेव्हा तो मिळाला नाही. हे असे का घडले, याचा विचार आपण केला पाहिजे, कारण आपण ज्या संस्थांत वावरतो तेथेही हक्क असेच जातात.

पद्धत काय होती?

ब्रिटिश संसदेत सरकारचे मंत्री एका बाजूच्या पहिल्या बाकावर बसतात. त्यांच्या समोरच्या पहिल्या बाकावर प्रमुख विरोधी पक्षाची आघाडीची फळी बसते. अर्थमंत्र्याला अर्थकारणावर, गृहमंत्र्याला पोलीस आणि तुरुंगांवर जाब विचारणारा एकेक सभासद ठरलेला असतो. यालाच छाया मंत्रिमंडळ म्हणतात. उद्या सत्तांतर झाले तर कारभार कोण हाकणार, हे मतदाराला आजच दिसावे, हा त्यामागील हेतू.

हुजूर पक्षात ही फळी नेता नेमतो. मजूर पक्षाची घडणच निराळी. तो पक्ष संसदेच्या दालनात जन्मलेला नाही. कामगार संघटना आणि समाजवादी मंडळे यांनी १९०० साली एकत्र येऊन तो बाहेरून उभा केला. कामगार संघटनेत चिटणीसही निवडून यावा लागतो आणि खजिनदारही. तीच रीत हे लोक संसदेत घेऊन आले. १९०६ साली केर हार्डी यांच्यासारख्या संस्थापकालादेखील संसदीय गटाचे अध्यक्षपद मतदानाने, आणि तेही अवघ्या एका मताने, मिळाले. १९२२ च्या निवडणुकीनंतर मजूर पक्ष प्रमुख विरोधी पक्ष झाला आणि लवकरच खासदारांनी निवडलेल्या एका समितीकडे संसदेतील कामाचे नेतृत्व आले. तिचे अधिकृत नाव साधेच होते, ‘संसदीय समिती’. लोक तिला छाया मंत्रिमंडळ म्हणू लागले.

पक्ष विरोधात असला की दरवर्षी ही निवडणूक होई. १९५० च्या दशकात कॉमन्स सभागृहातील बारा जण असे निवडले जात. शिवाय नेता, उपनेता व मुख्य प्रतोद हे पदसिद्ध सभासद असत. पुढे ही संख्या वाढत वाढत २०१० साली एकोणीस झाली. कोणी फळीत बसायचे, हे खासदार ठरवीत. कोणाला कोणते खाते द्यायचे, हे मात्र नेत्याच्या हाती असे. हा दुसरा भाग आपण नीट लक्षात ठेवावा. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तेरावा उमेदवार

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालली, हे दोन प्रसंगांवरून कळेल.

पहिला अन्यूरिन बेव्हन यांचा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली उभी करणारे हे मंत्री. कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसविण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध त्यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन हेही बाहेर पडले. त्याच वर्षी पक्षाची सत्ता गेली. नेतृत्वाचा रोष असूनही १९५२ साली बेव्हन छाया मंत्रिमंडळावर निवडून आले, बाराव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकाने. नेमणुकीची पद्धत असती तर अ‍ॅटलींनी त्यांना घेतले असते का, याविषयी मला शंका आहे. मतपेटीने त्यांना आत आणले.

एप्रिल १९५४ मध्ये आग्नेय आशियासाठी लष्करी करार करण्याची योजना सरकारने मांडली. अ‍ॅटलींची भूमिका बेव्हन यांना मिळमिळीत वाटली. ते तिथेच उठून तिच्याहून वेगळे बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीचा राजीनामा दिला. रिकाम्या झालेल्या जागेवर पराभूतांपैकी सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार जावा, असा दंडक होता. मागील मतदानात तेराव्या क्रमांकावर होते विल्सन, म्हणजे बेव्हन यांचेच सहकारी. त्यांनी जागा स्वीकारली. बेव्हन यांना तो विश्वासघात वाटला. तेच विल्सन १९६३ साली पक्षाचे नेते व १९६४ साली पंतप्रधान झाले.

त्यांनी जागा घ्यावी की नाकारावी, यावर आपल्या अभ्यासवर्गात दोन बाजू सहज पडतील. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की, या पद्धतीत फळीतील जागा ही कोणाची मेहेरबानी नव्हती. नेत्याशी न पटणारा माणूस आत येऊ शकत होता. तो बाहेर गेला तर त्याच्या जागी कोण यायचे, हेही नेत्याच्या मर्जीवर नव्हते.

मतपेटी दुधारी असते

दुसरा प्रसंग टोनी बेन यांचा. डाव्या कार्यकर्त्यांचे ते लाडके पुढारी. जानेवारी १९८१ मध्ये बिल रॉजर्स छाया मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि थोड्याच दिवसांत नवा पक्ष काढणाऱ्यांत सामील झाले. त्यांच्या जागी दंडकाप्रमाणे बेन आले. त्याच महिन्यात वेम्बली येथील विशेष अधिवेशनाने नेतानिवडीचा अधिकार केवळ खासदारांकडे न ठेवता कामगार संघटना, मतदारसंघ शाखा आणि खासदार यांच्यात वाटून दिला. सप्टेंबरात उपनेतेपदाची निवडणूक झाली आणि डेनिस हीली यांनी बेन यांचा एक टक्क्याहूनही कमी फरकाने पराभव केला. म्हणजे जवळजवळ निम्मा पक्ष बेन यांच्या पाठीशी होता. परंतु नोव्हेंबरात छाया मंत्रिमंडळाची निवडणूक आली, तेव्हा खासदारांनी त्यांना निवडून दिले नाही. त्याआधी तेलाच्या राष्ट्रीयीकरणावर सभागृहात बोलताना त्यांनी ठरलेल्या धोरणाच्या पलीकडे पाऊल टाकले होते आणि सामूहिक जबाबदारीचा आग्रह धरणारे नेते मायकेल फूट नाराज झाले होते.

येथे डाव्या विचारांच्या माणसाने प्रामाणिक असले पाहिजे. बेव्हन यांना आत आणणाऱ्या मतपेटीनेच बेन यांना बाहेर ठेवले. आपला माणूस निवडून आला की पद्धत लोकशाहीची आणि पडला की कारस्थानाची, असे म्हणता येत नाही. बेन यांच्या पराभवाने एक खरा प्रश्न मात्र उभा केला. फळी निवडणारे खासदार कोणाला जबाबदार? कार्यकर्त्यांना एक हवा आणि खासदारांना दुसरा, असे झाले तर कोणाचे चालावे? हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. पस्तीस वर्षांनी तो अधिक उग्र रूपाने परत आला.

पद्धतीतील उणिवाही मी लपविणार नाही. गटांची पॅनेले निघत, याद्या फिरत, मतांची देवाणघेवाण होई. दरवर्षी काही महिने पुढच्या बाकावरचे लोक समोरच्या सरकारपेक्षा पाठीमागच्या सहकाऱ्यांकडेच अधिक पाहत. स्त्रियांना तर फारच थोड्या जागा मिळत. म्हणून १९८९ साली प्रत्येक मतपत्रिकेवर किमान तीन स्त्रियांना मत दिलेच पाहिजे, असा नियम झाला. १९९३ साली ती संख्या चार झाली. नियमाविरुद्ध कुरबूर झाली आणि काहींनी निवडून येण्याची शक्यताच नसलेल्या उमेदवार स्त्रियांना मते टाकून अट पुरी केली, असा आरोप तेव्हा झाला. हॅरिएट हार्मन यांच्यासारख्या कर्तबगार सभासद त्या वर्षी पडल्या. नेते जॉन स्मिथ यांनी त्यांना अर्थखात्याच्या कामावर तरीही कायम ठेवले. नियम करता येतो, पण मतदाराचे मन नियमाने बदलत नाही, हा अनुभव आपल्याकडे पंचायतींतही आला आहे. तरीसुद्धा नियम निष्फळ ठरला, असे म्हणू नका. २०१० च्या निवडणुकीत किमान सहा स्त्रियांना मत देण्याची अट होती आणि एकोणिसांपैकी आठ स्त्रिया निवडून आल्या. इव्हेट कूपर २३२ मते मिळवून सर्वांच्या वर होत्या.

हक्क कसा गेला

आता २०१० कडे वळू. तेरा वर्षांची सत्ता त्या वर्षी मे महिन्यात गेली. सप्टेंबरात एड मिलिबँड नेते झाले आणि ऑक्टोबरात छाया मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. एकोणीस जागांसाठी एकूणपन्नास उमेदवार होते. पहिल्या आलेल्या कूपर किंवा अर्थशास्त्राचा गाढा व्यासंग असलेले एड बॉल्स यांपैकी एकाला छाया अर्थमंत्री केले जाईल, अशी सर्वांची अटकळ. मिलिबँड यांनी ते पद अ‍ॅलन जॉन्सन यांना दिले, कूपर यांना परराष्ट्र खाते आणि बॉल्स यांना गृहखाते. जॉन्सन तीन-साडेतीन महिन्यांतच पायउतार झाले आणि बॉल्स अर्थखात्यात आले. पीटर हेन तर निवडणुकीत पडले होते. त्यांना नेत्याने स्वतःच्या अधिकारात वेल्सच्या कामासाठी घेतले.

आता सुरुवातीचा मुद्दा आठवा. खातेवाटपाचा अधिकार मुळापासून नेत्याचाच होता. सत्ता मिळाल्यावरही तोच प्रकार. निवडून आलेल्या छाया मंत्र्यांना पहिल्या मंत्रिमंडळात घ्यावे, असा पक्षाचा संकेत असूनही १९९७ साली टोनी ब्लेअर यांनी मायकेल मीचर यांना मंत्रिमंडळाबाहेरच ठेवले. म्हणजे खासदारांकडे निम्माच अधिकार होता, आणि अर्ध्या अधिकाराविषयी कोणाला फारशी आस्था उरत नाही. ‘निवडणूक घ्यायची, महिनाभर एकमेकांच्या दारांत फिरायचे आणि शेवटी खाती नेत्यानेच वाटायची, तर हा खटाटोप कशाला?’ असे म्हणणे सोपे होते.

मिलिबँड यांनी २०११ च्या उन्हाळ्यात हेच मांडले. आपण आपल्या आतल्या निवडणुकांत गुंतून पडतो, देशाकडे पाहायला आपल्याला फुरसत राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. ५ जुलै २०११ रोजी मजूर खासदारांनी १९६ विरुद्ध ४१ मतांनी ही निवडणूक रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबरात लिव्हरपूलच्या अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. फळी नेमण्याचा संपूर्ण अधिकार नेत्याकडे गेला.

त्या १९६ जणांना मी दोष देत नाही. नेता त्यांच्या ओळखीचा होता, त्यांच्यातलाच होता, त्याच्याकडून त्यांना भय नव्हते. हक्क नेमके अशा वेळी सोडून दिले जातात. समोरचा माणूस चांगला असतो, काम पुष्कळ असते, आणि मतदान म्हणजे निव्वळ कटकट वाटते.

परत मागताना

सप्टेंबर २०१५ मध्ये प्रत्येक सभासदाला एक मत या पद्धतीने जेरेमी कॉर्बिन नेते झाले. बहुसंख्य खासदारांना ते नको होते. एकंदर मतदानात त्यांना जवळजवळ साठ टक्के मते मिळाली होती. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघ सोडण्याचा कौल लागला आणि तीन दिवसांत पक्षात स्फोट झाला. आपला विश्वास उडाल्याचे छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन यांनी दूरध्वनीवर सांगितले आणि कॉर्बिन यांनी त्यांना तत्काळ पदावरून दूर केले. हे हिलरी म्हणजे टोनी बेन यांचे चिरंजीव. वडिलांना १९८१ साली सहकाऱ्यांच्या मतांनी बाहेर ठेवले. मुलाला नेत्याच्या एका शब्दाने. मधल्या काळात काय बदलले, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

त्यानंतर राजीनाम्यांची रांग लागली. २८ जूनला खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी नेत्यावर अविश्वास व्यक्त केला. नेता हटला नाही, कारण त्याचा जनादेश खासदारांकडून आलेला नव्हता. मग सप्टेंबरात खासदारांना जुन्या हक्काची आठवण झाली. छाया मंत्रिमंडळाची निवडणूक पुन्हा सुरू करा, असा ठराव १६९ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला. परंतु आता तो ठराव पुरेसा नव्हता. नियम बदलणे पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीच्या व अधिवेशनाच्या हाती होते. त्याच महिन्यात सभासदांनी कॉर्बिन यांना पूर्वीपेक्षाही अधिक मतांनी निवडून दिले. त्यांनी आपली नवी फळी स्वतःच नेमली आणि निवडणुकीचा विषय मागे पडला. २०२० साली नेते बदलले तरी नेमणुकीचीच रीत चालू राहिली आणि २०२४ च्या जुलैत पक्ष सत्तेवर आला तोही नेमलेली फळी घेऊनच.

२०१६ चा ठराव शुद्ध लोकशाहीप्रेमातून आला, असे मी म्हणणार नाही. तो नेत्याला वेसण घालण्यासाठी होता, आणि दोन्ही बाजू लोकशाहीचेच नाव घेत होत्या. खासदार म्हणत, आम्हाला मतदारांनी निवडले आहे. कॉर्बिन यांचे समर्थक म्हणत, नेत्याला सभासदांनी निवडले आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते. जुनी पद्धत चालू असती तर नेता सभासदांचा आणि फळी खासदारांची, अशी दोघांनाही एकमेकांशी जुळवून घेणे भाग पाडणारी एक रचना निदान हाताशी असती. ती असती तर भांडण मिटलेच असते, असे नाही. पण ते एका मेजाभोवती तरी झाले असते.

एक उदाहरण ऑस्ट्रेलियाचेही द्यावेसे वाटते. तेथील मजूर पक्षात सत्तेवर असतानाही मंत्री संसदीय गट निवडतो आणि नेता खाती वाटतो. डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम विजयी झाले, तेव्हा गटाच्या निवडणुकीची वाट पाहत त्यांनी आणि लान्स बर्नार्ड यांनी मिळून सुमारे दोन आठवडे सर्व सत्तावीस खाती सांभाळली! २००७ साली केव्हिन रड यांनी ही निवड आपल्या हाती घेतली. २०१३ च्या पराभवानंतर गटाने ती परत मिळविली. म्हणजे हक्क परत मिळूच शकत नाही, असे नाही. पण तेथेही सर्व आलबेल नाही. गटागटांतील हिशेबांपायी २०२५ च्या मे महिन्यात मार्क ड्रायफस व एड ह्युसिक हे दोन अनुभवी मंत्री, पक्ष मोठा विजय मिळवून आला असतानाही, वगळले गेले. निवडणूक आहे म्हणजे न्याय होतोच, असे नाही.

आपल्या घरात

आता आपल्याकडे पाहू. आपल्या समाजवादी परंपरेत ब्रिटिश मजूर पक्षाचा अभ्यास पुष्कळ झाला, पण ही रीत आपण घेतली नाही. १९७७ साली जनता पक्षाला बहुमत मिळाले, तेव्हा नेतानिवडीसाठी खासदारांचे मतदान झाले नाही. सर्वांचा कल अजमावून निर्णय देण्याचे काम जयप्रकाश नारायण व आचार्य कृपलानी यांच्यावर सोपविले गेले आणि मोरारजीभाईंचे नाव जाहीर झाले. त्या दोघांच्या निःस्पृहतेविषयी कोणालाच शंका नव्हती. पण मतपेटीत हरलेला माणूस आपली मते मोजून गप्प बसतो. वडीलधाऱ्यांच्या निर्णयाने डावललेला माणूस मनात हिशेब ठेवतो. तो हिशेब १९७९ साली चुकता झाला आणि सरकार कोसळले. इतर कारणे होतीच. हेही एक होते, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात ‘एका ओळीचा ठराव’ हा शब्दप्रयोग आपल्या सर्वांच्या कानांत बसला आहे. विधिमंडळ पक्षाची बैठक भरते, नेता निवडण्याचे सर्वाधिकार श्रेष्ठींना देण्याचा ठराव होतो, टाळ्या वाजतात आणि आमदार चहा घेऊन बाहेर पडतात. २०२० च्या मार्चमध्ये एका पक्षाने राज्यात छाया मंत्रिमंडळ जाहीर केले, तेही पक्षाध्यक्षांनी नेमलेले. विधानसभेत त्या पक्षाचा आमदार एकच होता. २०२४ च्या निवडणुकीत तर कोणत्याही एका विरोधी पक्षाला विधानसभेत एकदशांश जागाही मिळाल्या नाहीत. विरोधी बाक जेव्हा इतका दुबळा असतो, तेव्हा त्यावर बसणारा माणूस सहकाऱ्यांच्या विश्वासाने बसला आहे की कोणाच्या कृपेने, याला अधिकच महत्त्व येते.

दूरच्या गोष्टी सोडा. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेत आमचे सात नगरसेवक निवडून आले. गटनेता चिठ्ठ्या टाकून निवडायचा, अशी आमची जुनी रीत. त्या वेळी एका ज्येष्ठाचे नाव सर्वांनाच मान्य होते. ‘उगाच चिठ्ठ्या कशाला? कटुता येते,’ असे कोणी तरी म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढच्या खेपेला दोन नावे आली. एका तरुण सभासद भगिनीने चिठ्ठ्यांचा आग्रह धरला, तेव्हा तिला उत्तर मिळाले, ‘आपल्याकडे आता ती प्रथा नाही.’ प्रथा मोडायला पाच मिनिटे लागली होती. त्या बैठकीत तिच्या बाजूने बोलायला मी उठलो नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. आपल्या तालुका समितीत, पालिकेतील गटात, कामगार संघटनेत जेव्हा एकच नाव असेल आणि सर्वांचे एकमत असेल, त्या दिवशीही चिठ्ठ्या वाटा. मते मोजा आणि आकडे इतिवृत्तात लिहा. मोजणीत कोणी पडला तर त्याला पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहता येईल, असा कालावधी ठरवून ठेवा. आणि निवडून आलेल्याकडे कोणते काम असेल, हेही त्याच बैठकीत ठरवा. नाही तर अर्ध्या हक्काचे काय होते, ते आपण पाहिलेच आहे. गरज नसताना जी रीत पाळली, तीच गरजेच्या दिवशी उपयोगी पडते.

 आता चर्चेला सुरुवात करावी. आणि चर्चेअखेर ठराव करायचा असेल, तर कृपया हात वर करून करू नका. कागद पुरेसे आणले आहेत.